ट्यूब अ‍ॅम्प निवडताना : स्वर स्वच्छ हवा, तर आधी जागा मोजा

ज्यांच्या घरी एकेकाळी व्हॉल्व्हचा रेडिओ होता, त्यांना तो बोलू लागण्यापूर्वीची शांतता आठवत असेल. बटण फिरवले की आधी पट्टीवरचा दिवा उजळे, मग आतल्या काचेच्या नळ्या तांबूस होत आणि थोड्या वेळाने, कुणी लांबून चालत यावे तसा आवाज जवळ येई. १९४७ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत ट्रान्झिस्टरचा शोध लागला आणि पुढच्या दोन-तीन दशकांत या नळ्या घराघरांतून हद्दपार झाल्या. एका ठिकाणी मात्र त्यांनी आपले आसन सोडलेले नाही. ते ठिकाण म्हणजे इलेक्ट्रिक गिटारचा अ‍ॅम्प्लिफायर, अर्थात ट्यूब अ‍ॅम्प.

गोव्यात गिटार हे परके वाद्य नाही. लग्नाच्या मांडवातील बँड, हॉटेलांतील संध्याकाळ, किनाऱ्यावरील शॅक अशा अनेक ठिकाणी या वाद्यावर कित्येकांची चूल पेटते. साध्या अ‍ॅम्पवरून ट्यूब अ‍ॅम्पकडे वळावे, असा विचार अशा वादकाच्या मनात कधी ना कधी येतोच. नामांकित बनावटीचा नवा ट्यूब अ‍ॅम्प लाखाच्या पुढे जाऊ शकतो. ही रक्कम एका हंगामाच्या कमाईतून बाजूला काढावी लागते आणि निवड चुकली, तर पदरी पडतो तो जड, तापणारा आणि सतत दुरुस्तीला जाणारा पेटारा. स्वच्छ, न फाटणारा स्वर आणि कार्यक्रमाच्या ऐन वेळी दगा न देणारा स्वभाव या दोन कसोट्यांवर ट्यूब अ‍ॅम्प कसा पारखावा, याचा हा आढावा.

काचेची नळी नेमके काय करते?

निर्वात नळीत एक भाग तापवला जातो. त्यातून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात आणि समोरच्या धन विद्युतभारित पत्र्याकडे धावतात. १९०४ मध्ये जॉन अ‍ॅम्ब्रोज फ्लेमिंग यांनी अशी दोन भागांची नळी बनवली. १९०६ मध्ये ली डी फॉरेस्ट यांनी त्या दोहोंच्या मध्ये तारेची एक जाळी बसवली आणि सारे चित्र पालटले. जाळीवरचा विद्युतदाब किंचित बदलला, तरी पत्र्याकडे जाणारा मोठा प्रवाह त्याच तालात कमी-अधिक होतो. पाटाच्या तोंडाशी असलेली फळी बोटभर वर-खाली केली, तर शेताकडे जाणारे सारे पाणी बदलते, तसाच हा प्रकार.

गिटारच्या पिकअपमधून येणारा संदेश अगदी क्षीण असतो. अ‍ॅम्पमध्ये आधी लहान नळ्या त्याला मोठा करतात. बहुतेक ठिकाणी ही लहान नळी १२एएक्स७ या जातीची असते. युरोपात तिलाच ईसीसी८३ म्हणतात. नंतर ६व्ही६, ६एल६, ईएल८४ किंवा ईएल३४ यांसारख्या मोठ्या नळ्या त्यात ताकद भरतात. शेवटी ‘आउटपुट ट्रान्सफॉर्मर’ ती ताकद स्पीकरला पेलेल अशा रूपात पोहोचवतो. नळी, ट्रान्सफॉर्मर आणि स्पीकर या तिघांच्या संगतीतून अ‍ॅम्पचा स्वर घडतो. जाहिरातीत छायाचित्र मात्र एकट्या नळीचे असते.

‘स्वच्छ स्वर’ म्हणजे काय?

प्रत्येक नळीला आणि प्रत्येक ट्रान्सफॉर्मरला एक मर्यादा असते. संदेशाची लाट त्या मर्यादेच्या आत असते, तोवर तिचा आकार जसाच्या तसा मोठा होतो. लाट छताला टेकली, की तिचा माथा दबतो आणि स्वर फाटू लागतो. रॉक संगीताने हाच फाटलेला स्वर आपलासा केला. पण जॅझ, कंट्री, फंक, जुनी हिंदी चित्रपटगीते किंवा मांडो वाजवणाऱ्याला सहाही तारा एकत्र छेडल्यावर प्रत्येक तार वेगळी ऐकू यावी असे वाटते. त्याच्यासाठी महत्त्वाची असते ती लाटेचा माथा आणि छत यांच्यामधली मोकळी जागा. वादक तिला ‘हेडरूम’ म्हणतात. अंथरूण पाहून पाय पसरावे, असे आपण म्हणतो. स्वच्छ स्वर हवा असेल, तर पाय पसरल्यावरही उरेल इतके अंथरूण घ्यावे लागते.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. ट्यूब अ‍ॅम्पचा स्वच्छ स्वर म्हणजे आरशासारखा निर्विकार स्वर नव्हे. तंबोऱ्याच्या घोडीवर दोरा सरकवून जवारी लावली, की मूळ स्वराभोवती उपस्वरांचे वलय उभे राहते. तो स्वर अशुद्ध होत नाही, भरीव होतो. नळ्या मर्यादेच्या थोड्या अलीकडे काम करत असताना काहीसे असेच घडते. जोराने छेडलेल्या स्वराची धार त्या अलगद गोल करतात. हळुवार वाजवले तर स्वर निर्मळ, जोर दिला तर किंचित दाणेदार. बोटांना मिळणारा हा प्रतिसादच वादकांना नळ्यांकडे खेचतो.

स्वर फाटेल की नाही, हे एकट्या अ‍ॅम्पवर ठरत नाही. दोन वेटोळ्यांचा ‘हमबकर’ पिकअप एका वेटोळ्याच्या पिकअपपेक्षा साधारणपणे जोरदार संदेश देतो, त्यामुळे तोच अ‍ॅम्प लवकर फाटू लागतो. म्हणून अ‍ॅम्प पारखायला जाताना आपली स्वतःची गिटार सोबत न्यावी. दुकानातल्या गिटारवर घेतलेला निर्णय घरी येऊन खोटा ठरू शकतो.

वॅट किती हवेत?

सर्वाधिक गैरसमज येथे आहे. वॅट दुप्पट झाले म्हणजे आवाज दुप्पट झाला, असे नसते. ताकद दुप्पट झाली, तर ध्वनिपातळी केवळ ३ डेसिबलने वाढते. कानाला आवाज साधारण दुप्पट वाटायला ताकद दहापट लागते. २२ वॅट आणि ८५ वॅट यांत चौपटीचा फरक दिसतो, पण ध्वनिपातळीचा फरक जेमतेम ६ डेसिबल, म्हणजे कानाला सुमारे दीडपट. ६३ वॅटची ही वाढ मुख्यतः मोकळ्या जागेसाठी असते.

दुसरी बाजू स्पीकरची. प्रत्येक स्पीकरची संवेदनशीलता दिलेली असते. एक वॅट दिला असता एक मीटर अंतरावर तो किती डेसिबल आवाज देतो, याचे हे माप. ९७ डेसिबलचा स्पीकर काढून १०० डेसिबलचा बसवला, तर परिणाम अ‍ॅम्पची ताकद दुप्पट केल्यासारखा होतो. हिशेबाने १०० डेसिबलच्या स्पीकरवर २२ वॅटचा अ‍ॅम्प एक मीटरवर ११३ डेसिबलपर्यंत जातो. लहान सभागृहात एवढा आवाज कुणालाही सोसवणार नाही.

आता वाजवण्याची जागा पाहू. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी क्षेत्रात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे आणि रात्री १० नंतर उघड्यावर ध्वनिक्षेपकाला मनाई आहे. शॅकमध्ये किंवा हॉटेलच्या अंगणात वाजवणाऱ्या वादकाला १०० वॅटचा अ‍ॅम्प पूर्ण ताकदीने वाजवण्याची संधी बहुधा मिळणारच नाही. मोठ्या मैदानी कार्यक्रमात तर अ‍ॅम्पसमोर मायक्रोफोन ठेवून आवाज मुख्य यंत्रणेतूनच लोकांपर्यंत जातो. तेथे अ‍ॅम्पने मंचावर स्वतःला आणि सोबत्यांना ऐकू येण्याइतके वाजले, तरी पुरते.

ढोबळमानाने असे म्हणता येईल : घरी आणि ध्वनिमुद्रणासाठी १२ ते १५ वॅट, ड्रमच्या साथीने लहान-मध्यम कार्यक्रमांसाठी २० ते ३० वॅट, आणि मायक्रोफोनचा आधार न घेता जोरकस ड्रमवादकाच्या शेजारी अगदी स्वच्छ वाजवायचे असेल, तरच ४० वॅट किंवा त्याहून अधिक. आधी जागा ठरवावी, मग वॅट.

कोणते नमुने नजरेसमोर ठेवावेत?

स्वच्छ स्वराची चर्चा कॅलिफोर्नियातील फेंडर कंपनीच्या १९६०च्या दशकातील अ‍ॅम्पपासून सुरू होते. लिओ फेंडर हे मूळचे रेडिओ दुरुस्त करणारे. त्यामुळे दुरुस्त करता येईल असेच यंत्र बनवायचे, ही त्यांची दृष्टी होती. काळ्या दर्शनी पट्टीच्या त्या काळातील ‘ट्विन रिव्हर्ब’मध्ये चार ६एल६ नळ्या, १२ इंचांचे दोन स्पीकर आणि ८५ वॅटची ताकद आहे. आवाज बराच वाढवला, तरी तो फाटत नाही. मात्र आजच्या पुनर्निर्मित आवृत्तीचे वजनही २९ किलोंच्या आसपास आहे. दुसऱ्या मजल्यावरील सभागृहात तो चढवणाऱ्याला स्वच्छ स्वराची किंमत पाठीने मोजावी लागते.

त्याचाच धाकटा भाऊ ‘डीलक्स रिव्हर्ब’. यात दोन ६व्ही६ नळ्या, १२ इंचांचा एक स्पीकर आणि २२ वॅट. वजन सुमारे १९ किलो. आवाजाचे बटण निम्म्याच्या अलीकडे असेपर्यंत स्वर निर्मळ, त्यापुढे हळूहळू दाणेदार. या दोघांत आणखी एक भेद आहे. डीलक्समध्ये विजेचे रूपांतरही नळीच करते, त्यामुळे जोराचा आघात होताच दाब क्षणभर खाली येतो आणि स्वर मऊ होतो. ट्विनमध्ये त्या जागी सिलिकॉन डायोड आहेत, म्हणून त्याचा स्वर ताठ आणि तत्पर.

इंग्लंडच्या ‘व्हॉक्स एसी३०’ची ख्याती बीटल्समुळे जगभर झाली. चार ईएल८४ नळ्यांचा हा अ‍ॅम्प घंटेसारखा खणखणतो, पण त्याच्या रचनेत विकृती आवरणारा ‘निगेटिव्ह फीडबॅक’ नाही. त्यामुळे तो ट्विनच्या तुलनेत लवकर फाटू लागतो. शिवाय त्यातील नळ्या मर्यादेजवळ तापत राहतात आणि तुलनेने लवकर बदलाव्या लागतात. इंग्लंडमधीलच ‘हायवॅट’चा १०० वॅटचा अ‍ॅम्प आतील नेटक्या, शिस्तबद्ध तारजोडणीसाठी आणि प्रशस्त ट्रान्सफॉर्मरसाठी नावाजला गेला. पिंक फ्लॉइडच्या डेव्हिड गिलमर यांच्या मंचावर तो दीर्घकाळ होता. अवजड, महाग, पण स्वच्छ आणि कणखर असा त्याचा लौकिक. यातील प्रत्येकाने एका गोष्टीसाठी दुसरी सोडली आहे, हे तुलना करताना विसरू नये.

भरवसा कशावर अवलंबून असतो?

पहिली गोष्ट, रचना जितकी साधी तितके बिघाड कमी. तीन-चार चॅनेल, पायाने चालणारे डझनभर स्विच, आत डिजिटल इफेक्ट असा अ‍ॅम्प दिसायला श्रीमंत असतो, पण प्रत्येक जादा जोड ही बिघाडाची जादा शक्यता असते. स्वच्छ स्वरासाठी एक चांगला चॅनेल पुरेसा आहे.

दुसरी गोष्ट, ट्रान्सफॉर्मर. अ‍ॅम्पचे वजन मुख्यतः त्याच्यात असते आणि खर्च वाचवायचा झाला, तर कात्रीही तेथेच लागते. लहान ट्रान्सफॉर्मर लवकर तापतो आणि खर्जातील स्वर ढिले पडतात.

तिसरी गोष्ट, नळ्यांची बैठक. छापील सर्किट बोर्ड असणे हा दोष नव्हे. उत्तम बोर्ड दशकानुदशके टिकतो. पण तापणाऱ्या नळ्यांचे सॉकेट थेट त्या बोर्डावरच डकवलेले असतील, तर उष्णतेने आणि नळ्या काढता-घालताना बसणाऱ्या ताणाने सांधे सुटू शकतात. सॉकेट धातूच्या सांगाड्यावर बसवलेले असतील, तर ते अधिक चांगले.

चौथी गोष्ट, नळ्यांची उपलब्धता. आपल्याकडे बेंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने एकेकाळी रेडिओचे व्हॉल्व्ह बनवले. आज मात्र जगभरातील अ‍ॅम्पसाठीच्या नळ्या प्रामुख्याने रशिया, स्लोव्हाकिया आणि चीनमधून येतात. २०२२ मध्ये युक्रेनवरील आक्रमणानंतर रशियन नळ्यांचा पुरवठा विस्कळीत झाला आणि भाव चढले. म्हणून दुर्मीळ नळ्यांवर चालणाऱ्या अ‍ॅम्पच्या मोहात पडू नये. वर उल्लेख केलेल्या जातींच्या नळ्या आजही बनतात. मोठ्या नळ्यांची एक जादा जोडी, दोन १२एएक्स७ आणि योग्य मापाचे फ्यूज एवढी शिदोरी पेटीत असावी. मोठ्या नळ्या बदलल्यावर अनेक अ‍ॅम्पमध्ये ‘बायस’ जुळवून घ्यावा लागतो. हे काम जाणकाराचेच.

पाचवी गोष्ट, जवळचा दुरुस्तीकार. विकत घेण्यापूर्वी एक प्रश्न स्वतःला विचारावा : हा बिघडला, तर म्हापसा, पणजी किंवा मडगाव येथे कोण उघडेल? व्हॉल्व्हच्या रेडिओवर हात बसलेले जुने मेकॅनिक आता मोजकेच उरले आहेत. साध्या, परिचित रचनेचा अ‍ॅम्प असला आणि त्याचा सर्किट आराखडा सहज मिळत असला, तर असा एखादा कारागीर तो मार्गी लावू शकतो.

आपली वीज, आपला पाऊस

परदेशातून नातलगाकरवी स्वस्तात आणलेला अ‍ॅम्प हा गोव्यातील नेहमीचा अनुभव. अमेरिकेतील अ‍ॅम्प १२० व्होल्टसाठी असतो आणि आपल्याकडे वीज २३० व्होल्टची. तसाच जोडला, तर क्षणात नुकसान होते. दाब उतरवणारा ट्रान्सफॉर्मर लावला, तरी तेथील वीज ६० हर्ट्झची आणि आपली ५० हर्ट्झची असल्याने अ‍ॅम्पच्या आतला ट्रान्सफॉर्मर अधिक तापू शकतो. २३० व्होल्टसाठी बनवलेलीच आवृत्ती घेणे श्रेयस्कर.

त्याहून गंभीर प्रश्न अर्थिंगचा आहे. गिटारच्या तारा अ‍ॅम्पच्या सांगाड्याशी जोडलेल्या असतात आणि मायक्रोफोन दुसऱ्या यंत्रणेशी. अ‍ॅम्पचे अर्थिंग नसेल, तर गात-गात वाजवणाऱ्याचे ओठ मायक्रोफोनला लागताच त्याच्या देहातून प्रवाह वाहू शकतो. असा धक्का जीवघेणा ठरू शकतो. जुन्या अमेरिकी अ‍ॅम्पचा दोन पिनांचा प्लग म्हणूनच आधी बदलून घ्यावा. नव्या अ‍ॅम्पची तिसरी पिन तोडून काम चालवण्याची सवय तर मुळीच नको. जनरेटरवर चालणाऱ्या मांडवात गाण्याआधी विजेच्या जाणकाराकडून मल्टिमीटरने तारा आणि मायक्रोफोनची जाळी यांच्यातील दाब मोजून घ्यावा. या तपासणीला एक मिनिट लागत नाही.

दाब वर-खाली होणाऱ्या भागात चांगला स्टॅबिलायझर लावावा. २२ वॅटचा अ‍ॅम्प विजेचा वापर मात्र त्याच्या कितीतरी पट करतो, त्यामुळे स्टॅबिलायझरची क्षमता अ‍ॅम्पच्या पाठीवर लिहिलेल्या वीजवापरावरून ठरवावी. पावसाळ्यातील दमट आणि किनाऱ्यावरील खारी हवा जॅक आणि सॉकेट यांच्यावर गंज चढवते. चार महिने गोणपाटाखाली झाकून ठेवण्यापेक्षा आठवड्यातून एकदा अर्धा तास अ‍ॅम्प चालू करावा. आतल्या उबेने ओल निघून जाते.

जुना अ‍ॅम्प घेताना

सुरू करून किमान अर्धा तास वाजवावा. अनेक दोष यंत्र तापल्यावरच डोके वर काढतात. काहीही न वाजवता आवाज वाढवून ऐकावे. हलकी सळसळ चालेल, पण मोठी घुमघुम ऐकू आली, तर कपॅसिटर, म्हणजे जुन्या मेकॅनिकच्या भाषेतील कंडेन्सर, थकले असण्याची शक्यता असते. त्यांचे आयुष्य साधारण १५ ते २० वर्षे. मोठ्या नळीचा पत्रा लालबुंद होत असेल, तर अ‍ॅम्प लगेच बंद करावा. लहान नळ्यांवर पेन्सिलीने हलकी टिचकी मारावी. स्पीकरमधून घंटेसारखा आवाज घुमू लागला, तर ती नळी बदलावी लागेल. प्रत्येक बटण फिरवावे, प्रत्येक जॅक हलवून पाहावा.

दोन गोष्टी कटाक्षाने टाळाव्यात. स्पीकर जोडल्याशिवाय ट्यूब अ‍ॅम्प कधीही वाजवू नये, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. स्पीकर बदलताना ओहमचे मापही जुळायला हवे. दुसरे, अ‍ॅम्प स्वतः उघडू नये. आत ४०० व्होल्टच्या वर दाब असू शकतो आणि प्लग काढल्यानंतरही तो कपॅसिटरमध्ये रेंगाळतो.

नळ्याच हव्यात का?

प्रामाणिक उत्तर, प्रत्येकाला नाही. १९७५ मध्ये जपानच्या रोलँड कंपनीने आणलेला ‘जेसी-१२०’ हा १२० वॅटचा ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प आजही स्वच्छ स्वराचा मानदंड मानला जातो. त्यात नळ्या बदलण्याचा खर्च नाही. फेंडरनेच २०१९ मध्ये ट्विन आणि डीलक्सच्या स्वराची नक्कल करणारे, वजनाने बरेच हलके डिजिटल अ‍ॅम्प बाजारात आणले. रोज वेगळ्या गावी, स्कूटरवरून किंवा बसने जाणाऱ्या वादकाला यांपैकी एखादा अधिक उपयोगी पडेल. बोटांच्या दाबाला उत्तर देणारा स्वर ज्याला हवा आहे आणि त्यासाठी देखभालीची तयारी आहे, त्याने नळ्यांकडे वळावे.

तशी तयारी असेल, तर गोव्यातील बहुतेक वादकांसाठी वाजवी निवड अशी ठरेल : २० ते ३० वॅट, १२ इंचांचा संवेदनशील स्पीकर, एक-दोन चॅनेलची साधी रचना, सहज मिळणाऱ्या नळ्या आणि २३० व्होल्टची आवृत्ती. उरलेल्या पैशांतून आधी घरातले आणि सरावाच्या खोलीतले अर्थिंग तपासून घ्यावे. जोडीला चांगला स्टॅबिलायझर आणि नळ्यांचा एक जादा संच घ्यावा. मग गिटार घेऊन दुकानात जावे, अ‍ॅम्प अर्धा तास तापू द्यावा आणि नेहमी ज्या आवाजात वाजवतो, त्याच आवाजात सहाही तारा छेडून पाहाव्यात. प्रत्येक तार वेगळी ऐकू आली, तर तो अ‍ॅम्प आपल्यासाठी योग्य आहे.